रोडग्यांच्या पंगतीत ऑफिसची खुर्ची

मी वर्ध्यात घरूनच काम करते, आणि माझ्या ऑफिसच्या खुर्चीनं दगा द्यायला सुरुवात केली होती. खटका ओढून वर केली, की बसल्याबसल्या फुस्स करत खाली. मीटिंगमध्ये पलीकडच्यांना नुसतं माझं कपाळ दिसायचं. नवरा म्हणाला, "मेकॅनिक कायले पायजे? मी करतो ना घरीच!" झालं! याच माणसानं मिक्सर दुरुस्त केला होता. तो अजून माळ्यावर पडलाय.

रविवार होता. नणंद आणि जावई जेवायला आलेले, अंगणात गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजत टाकलेले, आणि या गृहस्थानं तिथंच खुर्ची उलटी केली. चाकं उपटली आणि मधल्या नळकांड्यावर हातोडी घालत बसला. ते काही हलेना. शेवटी मी ओरडले, "अहो, ठेवा ते आता! ताटं मांडायची आहेत." त्यानं बिनचाकाची खुर्ची तशीच कडेला सुलटी करून ठेवली.

माझं लक्ष खरं तर सासऱ्यांकडे होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना मांडी घालायची मनाई. पंगतीत खुर्ची टाकून देते म्हटलं, तर ऐकायचे नाहीत. "सगळे खाली न मी डोक्यावर? असं जेवते का कोणी?" मग आत टेबलाशी एकटे बसायचे, अर्धा रोडगा खायचे आणि म्हणायचे, "भूक नाई." ज्यांच्या आग्रहाला पाहुणे घाबरायचे, ते बाबा असे गप्प! मला अगदी बघवत नसे.

आम्ही ताटं मांडून बसतोय तोच बाबा काठी टेकत बाहेर आले आणि दम खायला म्हणून त्या खुर्चीत टेकले. फुस्स! खुर्ची खाली गेली, आणखी खाली गेली, पार तळाला टेकली. आम्ही धडपडत उठलो. बाबा मात्र दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून, पाय लांब करून मजेत बसलेले. जमिनीवर बसलेल्या नणंदेपेक्षा जेमतेम वीतभर उंच.

"काऊन पाहून राह्यले सगळे?" ते म्हणाले. "माह्यं ताट आना ना इकडे!"

अग्गबाई, काय आनंद झाला मला! मी पळतच पाटावर पाट रचून त्यावर त्यांचं ताट वाढलं. नवऱ्याची छाती तर अशी फुगली! "पाह्यलं? झाली का नाई दुरुस्त?"

बाबांनी गरम रोडगा कुस्करला, वर तुपाची धार धरायला लावली. जावई नको नको म्हणत असताना त्यांच्या ताटात वांग्याची भाजी टाकायला लावली. "लाजून राह्यले का? वाढ व सूनबाई, त्याइले!"

आमच्याकडे मोठं माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. सगळ्यांचे हात वाळले, पायांना मुंग्या आल्या, आणि बाबा पुन्हा वरण मागत होते. उठायची घाई कोणालाच नव्हती.