चाळीस मिनिटं पुढचं घड्याळ

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. आईला नाही, हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना नाही. मंगलला तर — तिला कसं सांगणार? म्हणून तुला सांगते, तू लांब आहेस, इथलं कुणाला ओळखत नाहीस. भराभर टाईप करतेय, चुका होतील, दुरुस्त करत बसणार नाही. बसले तर पुसून टाकीन सगळं, मला माहितीये.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर काहीच कळायचं नाही.

संगमनेरात आमचं छोटं ऑफिस आहे. वाबळे सर, मंगल, मी आणि वायरिंगची दोन माणसं. आम्ही लांबून मशीन चालवायच्या सिस्टिम बनवतो. म्हणजे मोटर एकीकडं, टाकी दुसरीकडं, मधे चार किलोमीटर, आणि दोघांनी एकमेकांशी मोबाईलच्या नेटवरून बोलून आपलं आपण पाणी चढवायचं. माणूस नाही मधे. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण यात एकच गोष्ट जीव खाते — उशीर. निरोप पोचतो, पण कधी पोचतो?

पठारावरच्या एका गावाचं काम आलं. मोटर खाली नदीवर, टाकी वर टेकडीवर. आमच्या आधी तिथं काय होतं माहितीये? नामदेव मामांचा मिस कॉल! खरंच. मामा टाकीपाशी बसायचे. टाकी भरली की खाली मोटरवाल्याला एक मिस कॉल — बंद कर. दोन मिस कॉल — चालू कर. मी तर हसून लोळले होते. मंगल हसली नाही. तिनं मामांना विचारलं, "मामा, मिस कॉल लागलाच न्हाई तर?"

मामा म्हणाले, "मंग वाहतंय पानी. काय करतं!"

आणि मंगल वहीत काहीतरी लिहायला लागली. मी बघत होते. तेव्हापासूनच सुरू झालं बहुतेक माझं. किंवा त्याच्याही आधी — नाही, खरं सांगते, त्याच्याही आधी.

मंगल पाथर्डीकडची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, हिची निम्मी शाळा कारखान्यांच्या तळावर झाली. डिप्लोमा केलेला. मी डिग्रीवाली, फर्स्ट क्लासवाली, वडील कॉलेजात शिकवतात. ती मला ताई म्हणायची, एकाच वर्षानं लहान असून. मी पहिल्या आठवड्यात तिला लॅपटॉपवरचे शॉर्टकट शिकवले. दुसऱ्या महिन्यात सर तिला विचारायला लागले आणि मला सांगायला लागले. फरक कळतो ना? विचारायला आणि सांगायला.

तिनं त्या गावाचं जे डिझाईन केलं ते — अजूनही लिहिताना पोटात दुखतं — इतकं साधं होतं! टाकीवरची पेटी दर दोन सेकंदाला निरोप पाठवणार : पाणी इतकं आहे, आणि हे मी अमुक वाजता बोलतेय. वेळ निरोपातच लिहिलेली. मोटरवरची पेटी आपलं घड्याळ बघणार. निरोप दहा सेकंदांपेक्षा जुना असला की फेकून देणार. ताजा निरोप नाही आला तर मोटर बंद. बस्स.

सर म्हणाले, "कुठं वाचलंस हे?"

ती म्हणाली, "वाचलं न्हाई सर. तळावर असताना गावाकडं आजी वारली, ते आमाला तिसऱ्या दिवशी कळलं. रेंजच नव्हती. तोवर बाप तळावर रोज लोकांना सांगायचा, म्हातारी बरी हाय. खबर खरी हुती, पण शिळी हुती."

सरांनी तिचं डिझाईन तसंच्या तसं मंजूर केलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू पाणी दाखवायची स्क्रीन मस्त रंगव हां. लोकांना रंग आवडतात."

रंग! चार वर्षं मी कंट्रोल इंजिनिअरिंग शिकले, उशिराची गणितं पानंच्या पानं सोडवली, आणि मला रंग. आणि ही — आजी मेली म्हणून हिला सुचलं. मला सांग, अशा माणसाशी चढाओढ कशी करायची? कुठून आणायचं तसलं काही? मी तिच्या प्रोग्राममधे चुका शोधायचे. घरी नेऊन शोधायचे. एक सापडली होती, छोटी. चारचौघांत दाखवली. ती म्हणाली, "अगं व्हय की! लई बरं झालं ताई तू बघितलंस." मनापासून. मला तिचं ते मनापासून असणंही सहन व्हायचं नाही.

बघ, मी अजून फिरतेच आहे गोल गोल.

तर. गावची जत्रा होती, आणि सरपंचांनी ठरवलं, जत्रेच्याच दिवशी बटण दाबायचं. त्याच्या आठवडाभर आधी मंगलच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ती गावी गेली. शेवटच्या तपासणीची यादी सरांनी माझ्याकडं दिली. अकरा कामं. सातवं काम : दोन्ही पेट्यांची घड्याळं नेटवरच्या वेळेशी जुळवणे.

नदीवरच्या पेटीचं घड्याळ बरोबर निघालं. दुपारी मी टेकडीवर गेले. पेटी उघडली, लॅपटॉप जोडला. टाकीचं घड्याळ माझ्या मोबाईलच्या चाळीस मिनिटं पुढं होतं.

आता लक्ष देऊन ऐक. घड्याळ मागं असतं तर काही बिघडत नव्हतं, सगळे निरोप जुने वाटले असते आणि मोटर चालूच झाली नसती. पण पुढं! म्हणजे टाकीनं अकराला पाठवलेल्या निरोपावर अकरा चाळीस लिहिलेलं. तो अर्धा तास रखडून साडेअकराला पोचला तरी मोटरवरची पेटी म्हणणार, जुना नाही ना? चला, ताजा. म्हणजे मंगलनं जे कुलूप लावलं होतं ते उघडं. नेट चांगलं असेपर्यंत कुणाला कळणारही नाही. हे मला तिथं, टाकीच्या सावलीत उभं राहून, लख्ख समजलं. एका क्षणात. त्या दिवशी मी अगदी हुशार होते बघ.

दुरुस्त करायला दोन मिनिटं. 'नेटवरून वेळ घे' यापुढं एक खूण करायची आणि पेटी परत चालू करायची.

तेवढ्यात सरांचा फोन. म्हणाले, "एक गोड बातमी. पुणतांब्याकडचं मोठं काम आपल्याला मिळालं. मंगलला देतोय सगळं. तू तिच्या हाताखाली स्क्रीन कर."

मी म्हटलं, "अरे वा सर."

लॅपटॉप बंद केला. पेटी बंद केली. सातव्या कामापुढं टिक केली.

झालं. हेच ते. इतकंच आहे, आणि दीड वर्ष मला हे वाक्य लिहिता येत नव्हतं.

मला काय वाटलं होतं? वाटलं, उद्घाटनाला काहीतरी अडकेल, हिची जरा फजिती होईल, सरांना कळेल की हिचंही चुकतं. जरा. फार नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, घड्याळं?" मी म्हटलं, "झाली गं." ती म्हणाली, "मंग मला काळजी न्हाई."

जत्रेच्या सकाळी ती एसटीनं थेट नदीवर गेली, मोटरपाशी. मी पंचायतीच्या ऑफिसात, माझ्या रंगीत स्क्रीनसमोर. दहा वाजता सरपंचांनी बटण दाबलं, मोटर सुरू, टाळ्या, पेढे. स्क्रीनवर निळं पाणी वर वर चढत होतं. सगळे माझ्या स्क्रीनचे फोटो काढत होते.

आणि जत्रा म्हणजे काय गं — पाचेक हजार माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. कुस्त्या लाईव्ह, पालखी लाईव्ह, पाळणा लाईव्ह. गावात टॉवर एकच. अकराच्या सुमारास नेट अडकलं. बंद नाही पडलं, अडकलं. टाकीचे निरोप मागं साठत गेले आणि एकेक करून रांगेत सरकायला लागले. प्रत्येक निरोप आधीच्यापेक्षा जास्त शिळा. आणि मोटर प्रत्येकाला ताजा समजून चालत राहिली.

साडेअकराला माझ्या स्क्रीनवर पाणी होतं बासष्ट टक्के. मी सहज खिडकीतून टेकडीकडं पाहिलं. टाकीच्या अंगावरून पांढरी रेघ खाली येत होती. चकाकत.

स्क्रीनवर लाल बटण होतं, मोटर बंद करायचं. माझ्या हाताशी. मी लगेच दाबलं नाही. कारण दाबलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, स्क्रीनवर बासष्ट असताना टाकी वाहते कशी? मी उभी राहून ती रेघ बघत राहिले. दोन मिनिटं? चार? आरडाओरडा ऐकू आला तेव्हा दाबलं. पण तो हुकूमही त्याच अडकलेल्या नेटमधून जाणार! नामदेव मामा वरून फोन लावत होते, तोही लागेना. शेवटी कुणीतरी मोटारसायकलवर नदीकडं पळालं.

टेकडीच्या पायथ्याशी देऊळ. देवळापुढं मांडव. त्या गावात जत्रेला आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. आमटी देवळापाशी शिजते, भाकरी घरोघरच्या बाया थापून आणतात. मांडवात पांढरी कापडं अंथरून त्यावर भाकरींच्या चळती लावलेल्या, माणसाच्या कमरेएवढ्या. पाणी लाल माती घेऊन त्यातून गेलं.

मी पोचले तेव्हा बाया गुडघाभर चिखलात उभ्या राहून वरच्या वरच्या भाकरी उचलत होत्या, की काही वाचतात का. एक म्हातारी ओरडली, "आमी पहाटपासून थापल्या गं बायांनो! पार वाट लावली. कोन हाय ती कॉम्प्युटरवाली?"

कंपनीचा टी-शर्ट माझ्याही अंगावर होता. तिनं माझ्याकडंच पाहिलं होतं. मी — मी एक पाऊल मागं सरकले. बाजूच्या बाईच्या आड.

मोटर बंद करून मंगल त्याच मोटारसायकलवरून आली होती, रस्त्यापासून मांडवापर्यंत धावत. ती पुढं झाली. "मी हाय आजी. माझ्यामुळं झालं."

नामदेव मामा म्हणाले, "माझा मिस कॉल बरा हुता की गं बाय." लोक हसले. काही जण वाईट हसले. कुणीतरी म्हणालं, कोयता सोडून लॅपटॉप धरला की असंच व्हायचं. ती सगळं ऐकत उभी राहिली, मग खाली बसली आणि बायांबरोबर चिखलातल्या भाकरी गोळा करायला लागली. मी गेले नाही. चिखल होता म्हणून नाही.

दुपारी तिनं टाकीची पेटी उघडली. घड्याळ दिसलंच. माझ्याकडं बघून विचारलं — आरोप नव्हता गं, साधं विचारलं — "ताई, तू जुळवलं हुतंस ना?"

मी म्हटलं, "हो. यादीत टिक आहे बघ. नंतर बिघडलं असेल. सेल गेला असेल."

तिनं मान हलवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पन चूक माझीच. जुना निरोप फेकायचं लिहिलं, पुढच्या वेळेचा आला तर काय, ते लिहिलंच न्हाई. यायलाच नको असा निरोप. मला सुचायला पाहिजे हुतं."

ते खरं होतं. तिचं तेवढं राहिलं होतं. आणि मी त्या खऱ्यामागं जाऊन लपले. सर तिला रागावले तेव्हा मी तिथंच होते. ते म्हणाले, "एवढं साधं कसं सुटलं?" मी खाली बघितलं. लोकांना वाटलं असेल, मैत्रिणीसाठी वाईट वाटतंय.

पुणतांब्याकडचं काम मला मिळालं. छान चाललंय. डिझाईन तिचंच आहे, एक ओळ वाढवलेली : निरोप पुढच्या वेळेचा असला तरी फेका. सगळे म्हणतात, काय चोख सिस्टिम आहे. मी थँक्यू म्हणते. मला आनंद होतो, हेही सांगून टाकते. होतो.

आणि अजूनही मला तिचा हेवा वाटतो. सगळं मिळाल्यावरही. हे कसलं?

मंगल ऑफिसातच आहे. तिनं स्वतःहून वायरिंग मागून घेतलं. सरांनी दोनदा विचारलं, एखादं छोटं काम परत कर म्हणून. ती म्हणते, "नको सर, माझ्या डोक्यातून कायतरी सुटतं. लोकांचं नुकसान हुतं." ती असं का म्हणते, ते ऑफिसात मला एकटीलाच कळतं. तिच्या डोक्यातून काही सुटत नाही. तिच्याइतकं नीट विचार करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तिला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगू शकणारी मी एकटीच आहे, आणि मी सांगितलेलं नाही. काल आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. समोरासमोर. अर्धा तास होता.