डिस्ट्रिब्युटरवरची लाल रेघ

ऑइल पेंटचा वास आला की मला आमच्या करावेच्या अंगणातला काकाचा जुना पेट्रोल ट्रक आठवतो. गावाभोवती नवं शहर नुकतं उगवत होतं. काकाची घाटाची फेरी ठरली, की नेमकं इंजिनाचं टायमिंग बिघडायचं. इंजिनाला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर जरासा फिरला, तरी ती अवेळी पडून ट्रक फटाके फोडायचा.

काकाचा संशय मेकॅनिक बाबूवर; दुरुस्तीच्या पैशांसाठी तोच तो फिरवत असणार. एका संध्याकाळी त्याने डिस्ट्रिब्युटरपासून इंजिनापर्यंत ओल्या लाल रंगाची रेघ गुपचूप ओढली. सकाळी बघतो तर रेघ फिसकटलेली!

“बाबू, तूच हाय चोर!”

बाबूने दोन्ही पंजे नाचवले. “माजे हात काले हायत, शेट. लाल कुनाचे, ते बगा!”

तेवढ्यात घाटाच्या नावानेच धसका घेणारी काकी चहा घेऊन आली. तिचा अंगठा लालभडक.

काकाने चहा सावकाश संपवला. “बाबू,” तो म्हणाला, “आज टायमिंगला हात लावू नको.”