शेवटच्या बैलगाडीपर्यंत

नाटक कंपनीत मी अकरा वर्षं नायिकेची कामं केली. पुरुषांनीच नऊवारी नेसून उभं राहायचे ते दिवस. अकोल्यात माझ्या एका पदाला तीनदा 'वन्स मोअर' मिळाला होता, हे मी पुढे कित्येक वर्षं कोणी न विचारताही सांगत असे. मग विषमज्वरानं सव्वा महिना अंथरुणाला खिळलो. उठलो तेव्हा वरच्या सुरांच्या जागी नुसती फुंकर उरली होती. पुढच्या प्रयोगात त्याच पदाला लोक हसले. मालकांनी पडदा ओढायचं काम देऊ केलं. मी ट्रंक उचलली आणि वाशीमला घरी आलो.

गाणं शिकवतो असं चार लोकांना सांगितलं, पण दोन वर्षं पेटीवरची धूळ पुसण्यापलीकडे काही घडलं नाही.

एका दुपारी आसेगावचा एक शेतकरी बायकोला घेऊन दारात उभा राहिला.

"मास्तर, हिले गानं शिकवा. हिनं धुऱ्यावरून हाळी देल्ली का अख्ख्या वावरातले पाखरं उडतात."

बाई तिशीची असेल. तिनं जात्यावरची ओवी म्हटली. आवाज दणदणीत, पण सगळा घशातून. चौथ्या ओळीला खोकत बसली.

मी नवऱ्याला म्हणालो, "नाटकवाल्याकडे बायको पाठवली म्हणून लोक बोलतील."

"बोलूनच राह्यले ते. मी इथंच ओट्यावर बसतो न. बैलाइले भी आराम."

दर बाजाराच्या दिवशी दोघं यायची. मला गाऊन दाखवता येत नव्हतं, म्हणून समजावून सांगावं लागे. आणि सांगताना कळत गेलं की आवाज गमावल्यावरच मी तो कुठून येतो हे नीट शोधलं होतं. तिला म्हणालो, बरगड्यांखाली हात ठेव, श्वास तिथे भर, घसा मोकळा सोड.

"म्हंजे इतले दिवस म्या भलत्याच जागेतून आवाज काढला म्हना की!" ती हसली.

पुढे मी त्यांच्याच वावरात जाऊ लागलो. ती एका धुऱ्याला, म्हणजे बांधावर, मी समोरच्या धुऱ्याला. मधे ज्वारी. शब्द न् शब्द कळला तरच पुढची ओळ. तीन हंगाम असे गेले.

मग वाशीमला शाळेच्या इमारतीसाठी गाण्याचा कार्यक्रम ठरला. नागपूरचे एक नामांकित गवई येणार होते. माझ्या शब्दाखातर सुरुवातीचं ईशस्तवन तिला मिळालं. मैदान भरलं, मागे बैलगाड्यांची रांग लागली. आणि गवई दुसऱ्या चिजेवर असताना लाउडस्पीकर बंद पडला. मागचे लोक ओरडू लागले, "ऐकू येऊन नाई राह्यलं!" गवयांनी जोर लावला, घसा बसला, ते थांबले. लोक उठायला लागले.

मी तिला म्हणालो, "जा."

"मास्तर, मी? माह्यं तं झालं न गाऊन."

"पुन्हा गा."

ती उभी राहिली. मी धावत मागे गेलो, अगदी शेवटच्या गाडीपाशी. तिथे पाय लटकवून बसलेला एक म्हातारा तोंडातलं पान तसंच धरून ऐकत होता. शब्द न् शब्द येत होता, ताण नाही, ओरडणं नाही. उठलेले लोक जिथे होते तिथेच बसले. तास दीड तास ती गात राहिली. तिच्या नवऱ्याला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही. तो नुसता डोळे पुसत होता.

गवयांनी तिला विचारलं, "बेटी, किससे सीखा?"

तिनं गर्दीतून मला शोधलं आणि बोट दाखवलं. सगळं मैदान वळून माझ्याकडे बघू लागलं. अकोल्याच्या त्या तीन वन्स मोअरनंही माझा ऊर इतका भरून आला नव्हता.

"दादा, चार दिन रुकता हूँ," गवई माझा हात धरून म्हणाले. "हमें भी सिखाइए."

ते खरंच राहिले. पाचव्या दिवशी ते गेले तेव्हा माझ्या ओट्यावर मानोरा गावाकडून गाणं शिकायला आलेली सात माणसं बसायची जागा मागत होती, आणि त्यांत तिघी बायका होत्या.