यादीत नसलेला फॉन्ट

चंद्रपूरच्या कंपनीत असताना माझं काम एकच होतं. यादीत नसलेलं सॉफ्टवेअर कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसलं, की काढून टाकायचं. त्यासाठी महिन्यातून एकदा एसटीने आरमोरीच्या शाखेत जावं लागे. तिथल्या टायपिस्ट बाईंनी फ्लॉपीवरून मराठी फॉन्ट टाकून घेतला होता. नियमाप्रमाणे मी तो काढला, आणि त्यांची सगळी जुनी पत्रं पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला होऊन उघडली.

"काऊन काढलं भाऊ?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आता गावच्या लोकाइले मी इंग्रजीत पत्र धाडू का?"

मी मुख्य ऑफिसकडे परवानगी मागितली. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की फॉन्ट यादीत नाही. ते तर मीच त्यांना कळवलं होतं. तोवर बाई पत्रं हातानं लिहीत होत्या, आणि त्यांचं मनगट सुजलं होतं.

पुन्हा अर्ज करण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. पुढच्या खेपेला मी त्यांची फ्लॉपी मागून घेतली, फॉन्ट परत टाकला आणि अहवालात 'काढला' असं लिहिलं. बाईंनी चहा मागवला. त्या फॉन्टबद्दल मला पुढे कधीच कुणी विचारलं नाही.