‘काढलं’ असं लिहून द्या

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीही, खिशात मोजपट्टी. खोलीबाहेरच्या चपला जोडीनं लावणं, मग त्या कुणाच्याही असोत. घरी फोन करायचा तो उभं राहूनच. दुकानदाराला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायची. आणि पगाराची चिठ्ठी आली की फक्त शेवटचा आकडा बघून ती फाइलला लावायची.

आखातात, गुदैबियातल्या एका खोलीत दोन वर्षं राहून सुयोगला विलासकाकांचं हे सगळं पाठ झालं होतं. काका कुडाळकडचे. सित्रातल्या एका कंत्राटदाराकडे बारा वर्षं स्टोअरकीपर. मग स्टोअरच बंद झालं आणि काकांना काढलं. त्या संध्याकाळी ते हसतच खोलीवर आले.

"मॅनेजराक सांगितलंय, काम सुटल्याच्या चिठ्ठीत राजीनामा लिही. चांगलो माणूस, लगेच लिहून दिल्यान."

"पण तुम्हाला काढलंय ना?"

"म्हणान काय गावात दवंडी पिटू? शेवंतीक सांगितलंय, कंटाळलंय, सोडलंय."

शेवंती म्हणजे काकू. त्यांनीही ते तसंच गावभर सांगितलं.

पुढे काही आठवडे काका नोकरी शोधत फिरले. एका अर्जाला जोडायला सुयोगने त्यांची फाइल उघडली. पगाराच्या प्रत्येक चिठ्ठीवर एक छोटी कपात होती.

"ही कसली, काका?"

"व्हिसाची असतली."

व्हिसाची नव्हती. बेरोजगारी विम्याची होती. सुयोगने सरकारी वेबसाइट दोनदा वाचली. मग म्हणाला, "नोकरी गेली तर काही महिने पगाराचा हिस्सा मिळतो. परदेशी माणसालासुद्धा."

"मगे झाला तर!"

"कुठलं झालं? ज्याला काढलं त्यालाच मिळतो. सोडणाऱ्याला नाही. तुमच्या चिठ्ठीत राजीनामा आहे. आणि अर्जाची मुदत संपायला दोनच दिवस उरलेत."

काकांनी चिठ्ठी हातात घेतली. पहिल्यांदाच वरून खालपर्यंत वाचली.

"चल," ते म्हणाले.

कंपनीच्या ऑफिसात हिशेबाला आलेल्या माणसांची रांग होती. खिडकीत हमझा नावाचा क्लार्क. काका हळू बोलतील असं सुयोगला वाटलं.

"हमझाभाई, चिट्ठी बदलने का है. मैंने छोड़ा नहीं. कंपनी ने निकाला. वैसा लिखो."

रांगेतल्या माना वळल्या. हमझा हसला. "अरे विलासभाई, लोग तो उल्टा माँगते हैं! आपने ही बोला था, रिज़ाइन लिखो."

"गलत बोला. मैं स्टोअर का आदमी. जो हुआ ही नहीं, उसकी एंट्री कैसे रखूँ? लिखो, निकाला. बड़े अक्षर में."

सुयोग जमिनीकडे बघत होता. काका नाही.

"मॅनेजर की साइन चाहिए. वो साइट पे है. कल आओ."

"कल मफी, कल नहीं चलेगा. बैठता हूँ."

काका चार तास खुर्चीवर बसले. मॅनेजर आला, त्यानं जुनी चिठ्ठी पाहिली, काकांकडे पाहिलं आणि नवीनवर सही केली.

दुसऱ्या दिवशी लेबर ऑफिसात जमीला नावाच्या बाईंनी आयडी कार्ड, बँकेचा नंबर आणि चिठ्ठी तपासली. मग अटी सांगितल्या: कामासाठी फोन आला की उचलायचा, हजेरी चुकवायची नाही, योग्य काम दाखवलं तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की पैसे बंद.

"ना कौन बोलेगा, मॅडम? यल्ला, जल्दी भेजो!"

त्यासुद्धा हसल्या. तिसऱ्या आठवड्यात अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला. पाठोपाठ अस्करच्या एका वर्कशॉपमधून मुलाखतीचा फोन. काकांनी शर्टाला इस्त्री केली आणि सुयोगला समोर बसवलं.

"तुझा मराठी चांगला. शेवंतीक लिही. तुझ्या मोबाइलवर लिही, मगे माका पाठव."

त्यांनी घसा खाकरला. सुयोग लिहीत गेला. एक वाक्य झालं, दुसरं सुरू झालं, तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला.

"उरलेला इल्यावर," म्हणत काका जिना उतरले.

संध्याकाळी ते नोकरी घेऊनच आले. त्याला आता महिना होईल. सुयोगने दोनदा विचारलं, काकांनी दोनदा "उद्या" म्हटलं. मजकूर अजून तेवढाच आहे:

"शेवंती, मी नोकरी सोडूक नाय. माका"