सूनबाईचा राहिलेला अहवाल

माझी सून शाळेतल्या लेकरांची मानसतज्ज्ञ व्हायला शिकत होती. सर्टिफिकेटसाठी एका पोरीचा अहवाल तेवढा राहिला होता. पोरगी आमच्याच गावची. आई-बाप लहानग्या भावाला घेऊन ऊसतोडीला गेलेले, हिला यंदा शाळेसाठी आजीजवळ ठेवलेली. वर्गात तोंड उघडत नव्हती म्हणून गुरुजींनी मंदबुद्धी ठरवली.

सूनबाईनं तिला घरी आणून चित्रं दाखवली, कोडी घातली. पोरगी गप्पच. ती गेल्यावर मी म्हणलो, "गुरुजी म्हणतेत तेच लिव्ह अन् मोकळी हो. उद्या शेवटची तारीख हाय."

"मामा, मलाच कळलं न्हाई तर काय लिहू?"

"वर्ष वाया जाईल."

"जाऊ द्या."

मी चौथीतून शाळा सोडली, पण घरात माझा शब्द कुणी असा परतवला नव्हता. दोन दिवस मी तिच्याशी बोललो न्हाई. तारीख गेली. ती मात्र पोरीला रोज बोलवायची.

एका संध्याकाळी तिनं अंगणात उसाचं वाळकं पाचट टाकलं अन् म्हणाली, "ऊसतोडीच्या तळावर तुमची कोपी कशी असते, करून दाखव." पोरीनं झोपडी केली, चूल मांडली, आत चिंधीचं बाळ निजवलं. मग हळूच म्हणाली, "दरसाल मीच बघते त्याला. आता कोण बघत असंल?" सूनबाईनं तिथंच तिच्या आईला फोन लावला. पोरगी इतकं बोलली की न्यायला आलेली आजी बघतच राहिली.

सर्टिफिकेट वर्षभर उशिरा आलं. पाहुणे विचारतेत, एवढा उशीर का? मी हट्टी माणूस, चूक सहसा कबूल करत न्हाई. पण हे सगळं सांगतो, अन् सूनबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगतो.