दिल्ली लांब, कलकत्ता जवळ

आमच्या घरात गावांची अंतरं माणूस आणि काम पाहून बदलायची. आम्ही मुलुंडला राहत होतो तेव्हा एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक ताईच्या नेमणुकीचं, दिल्लीच्या सरकारी कचेरीतलं. शनिवारपर्यंत होकार टपालात टाकायचा होता. दुसरं तिच्यासाठी कलकत्त्याहून आलेल्या स्थळाचं.

"दिल्ली? एकटी मुलगी, एवढ्या लांब?" बाबा म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी कलकत्त्याचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं. "हल्ली काय, गाडीत बसलं की पोचलं."

मी वीस वर्षांचा होतो आणि पत्रकांवर वाढलो होतो. स्त्रियांच्या हक्कांवर स्वतःही एक लिहिलं होतं. त्याच्या उरलेल्या प्रती आईने डब्यांखाली घातल्या होत्या. मी रेल्वेचं वेळापत्रक विकत आणून बाबांपुढे उघडलं.

"दिल्ली एक रात्र. कलकत्ता दोन. बघा."

"मला वेळापत्रक शिकवू नकोस. नोकरीचं अंतर वेगळं असतं."

"म्हणजे नोकरीवाल्यांसाठी रूळ वेगळे टाकलेत का?"

"उतरवून घ्यायला आपलं माणूस असलं की गाव जवळ होतं."

यावर मी जे सुरू केलं ते जेवणाची ताटं मांडेपर्यंत चाललं. ताई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू गप्प बस रे. तू बोलतोस तशी माझी दिल्ली आणखी लांब जातेय."

शुक्रवार उजाडला तरी बाबांचा होकार नव्हता. जेवण झाल्यावर आईने मला वेळापत्रक आणायला सांगितलं.

"दिल्लीहून यायची गाडी कुठल्या पानावर?"

मी दाखवली.

"आणि कलकत्त्याहून?"

तीही दाखवली. आईने त्या पानावर बोट ठेवलं. "गाडी आहे. पण हिला तीत बसायला परवानगी कोण देणार?" संतापली की आई मालवणीत शिरायची. "जावचा सगळे मोजतत, येवचा कोण मोजतलो?" मग बाबांकडे वळून शुद्ध भाषेत म्हणाली, "माझं मालवण बोटीने एका रात्रीवर. मुलुंडला आल्यापासून अकरा वर्षांत मी किती वेळा गेले?"

एकदा. तेही आजोबांच्या तेराव्याला. हा आकडा मी त्या क्षणी पहिल्यांदा मोजत होतो. माझ्या पत्रकात मालवण नव्हतं.

शनिवारी होकाराचं पत्र बाबांनी स्वतः टपालात टाकलं.

ताई निघाली त्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. मुलुंडहून स्टेशन गाठायला बाबांनी पाच तास राखून ठेवले. भर उन्हात ट्रंक दारात आणून ते घड्याळ बघत उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, दीड तासाचा रस्ता आहे."

"तुला अंतरातलं काही कळत नाही," ते म्हणाले.